गाडीतळ ते सोलापूर, मांजर सोबत असताना

पुण्याहून येताना हडपसरच्या गाडीतळापाशी रस्ता फुटतो. उजवीकडचा दिवे घाटाकडून सासवडला जातो, सरळ जाणारा सोलापूरला. ईदच्या आदल्या दिवशी इथे उभं राहून बघा. सय्यदनगर, वैदूवाडी, रामटेकडीतून आलेली घरंच्या घरं गाडीची वाट बघत असतात. नव्या कपड्यांच्या पिशव्या, शेवयांचे पुडे, पेंगुळलेली मुलं. अलीकडे या सामानात एक जाळीदार पेटी दिसू लागली आहे आणि जाळीमागे दोन घाबरलेले डोळे.

पूर्वी मांजर घराचं असायचं, माणसांचं नव्हे. नानीकडे निघालो की मांजर मागेच राहायचं. शेजारच्या खाला वाटीभर दूध ठेवायच्या आणि बाकीचं पोट ते स्वतः भरायचं. आता चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मांजराने उंदीर पाहिलेलाही नसतो. शेजारीही ईदला आपापल्या गावी गेलेले असतात. त्यामुळे त्याला सोबत नेण्यावाचून इलाज नसतो.

आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने मांजर कापडी पिशवीतून नेलं होतं. वरून चेन, बाजूला जाळी. रिक्षातून उतरून गाडीकडे जाताना मागे बसचा हॉर्न वाजला आणि मांजराने डोक्याने चेन ढकलून उडी मारली. फळांच्या हातगाड्यांखालून ते कुठे गेलं ते कळलंच नाही. आठ दिवस खांबांवर फोटो लावले, मुलं ईदभर रडली. मांजर मिळालं नाही. त्या कुटुंबाला मी निष्काळजी म्हणणार नाही, पिशवी दुकानदाराने मांजरासाठीच म्हणून विकली होती.

तेव्हा आधी पेटीचं बोलू. टणक प्लास्टिकची, पुढे जाळीचं दार असलेली आणि वरूनही उघडणारी पेटी सगळ्यांत भरवशाची. तिचा वरचा अर्धा भाग क्लिपा काढून वेगळा होतो. दवाखान्यात हे फार उपयोगी पडतं, कारण मांजराला ओढून बाहेर काढावं लागत नाही. खालच्या भागात बसल्याबसल्याच डॉक्टर तपासू शकतात. मांजराला आत उभं राहता, वळता आणि पाय दुमडून आडवं होता आलं पाहिजे. फार मोठी पेटीही नको, वळणावर ते आत इकडून तिकडे आपटतं. विकत घेताना पेटीत चार किलो तांदळाची पिशवी ठेवून मुठीने उचलून बघा. मूठ वाकते का, दाराची खिटी सुटते का, ते तिथेच कळतं. कापडी पिशवी घ्यायचीच असेल तर चेनच्या टोकाला अडकवायची कडी हवी. पाठीवरच्या प्लास्टिकच्या फुग्याच्या पिशव्या मुलांना आवडतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्या फुग्याआड हवा कोंडते. मला त्या नको वाटतात.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे काही खाला म्हणतात, मुक्या जिवाला पेटीत का घालायचं, मांडीवर घेऊन बसावं. पण त्या बाईने मांजराला खायला दिलं नाही आणि स्वतः शोधून खावं म्हणून सोडलंही नाही, दोष तो होता. पेटीतल्या मांजराच्या पाण्याची, हवेची काळजी आपण घेत असू तर ती पेटी त्याचा आडोसा असते. उलट, घाबरलेलं मांजर मांडीवर राहत नाही. ते चालकाच्या पायाशी, ब्रेकखाली जाऊन बसलं तर सगळ्या गाडीचाच जीव धोक्यात येतो.

पेटी प्रवासाच्या सकाळी माळ्यावरून काढू नका. दोन-तीन आठवडे आधी ती दार उघडं ठेवून घराच्या कोपऱ्यात ठेवा. आत अम्मीची जुनी, न धुतलेली ओढणी अंथरा, रोजचं खाणं तिथेच द्या. काही दिवसांत मांजर आपणहून आत झोपू लागतं. मग दार लावून घरातच एक फेरी, मग रिक्षाने मगरपट्ट्यापर्यंत एक चक्कर. एवढं झालं की निघायच्या दिवशी हातावर ओरखडे येत नाहीत.

प्राणी वाहतुकीचे १९७८ चे केंद्रीय नियम आहेत आणि त्यात कुत्र्या-मांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे. प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला हवा, निघण्यापूर्वी किमान दोन तास आधी खाणं-पाणी झालेलं असावं आणि लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी द्यावं, असं ते सांगतात. मांजराला गाडी लागते, म्हणून पोटभर जेवण मात्र त्याहून आधीच, तीन-चार तासांपूर्वी द्यावं. दाखल्यासाठी गेलात की रेबीजची लसही तपासून घ्या. भीती घालवणारं औषध लागलं तर ते डॉक्टरच देतील. घरातली माणसांची गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठतं.

हडपसरला रेल्वे स्टेशन आहे, पण रेल्वेत पाळीव प्राणी डब्यात सोबत ठेवायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. ते आपल्या खिशाला परवडत नाही आणि ब्रेकव्हॅनच्या खडखडाटात मांजर एकटं पाठवायला माझं मन धजत नाही. म्हणून बहुतेकांचा सफर रस्त्यानेच होतो.

सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. पहाटे फजरनंतर लगेच निघालं तर उरुळी कांचन, यवत थंडाव्यातच मागे पडतात. कारमध्ये पेटी पुढच्या सीटमागे, खाली पायांच्या जागेत घट्ट बसवावी. अचानक ब्रेक लागला तरी ती उडत नाही. रिक्षात पेटीचं दार आपल्या अंगाकडे वळवून धरावं. वरून पातळ ओढणी टाकली की मांजर शांत होतं, फक्त एक बाजू हवेसाठी उघडी हवी. खाली घडी केलेला टॉवेल आणि त्यावर सॅनिटरी पॅड, एक जोड जास्तीची.

भिगवणला लोक मासे खायला थांबतात. जरूर थांबा, पण सगळ्यांनी एकदम उतरू नका. बाहेर ३५ अंश असताना बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं. सावली असली, काच बोटभर उघडी असली तरी भरवसा नाही. कुणीतरी एसी चालू ठेवून आत बसावं किंवा पेटी सोबत न्यावी. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर तो उन्हाचा तडाखा समजा. कुत्र्याचं ते नेहमीचं असतं, मांजराचं नव्हे. अंग साध्या पाण्याने ओलं करा, हवा घाला आणि जवळचा दवाखाना गाठा. एरवी पाणी द्यायला पेटी उघडायची तर आधी गाडीच्या सगळ्या काचा आणि दारं बंद. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण भिगवणला सुटलेलं मांजर हडपसरची वाट शोधत येणार नाही.

नानीच्या घरी पोहोचल्यावर सगळ्यांना मांजर बघायचं असतं. बघू द्या, पण दुसऱ्या दिवशी. आधी एक खोली ठरवा, तिथे मातीचा ट्रे, पाणी आणि दार उघडी ठेवलेली पेटी मांडा, खोलीचं दार लावून घ्या. ईदच्या दिवशी शिरखुर्मा खायला सतत मेहमान येत असतात आणि बाहेरचं दार दिवसभर उघडं असतं. मांजर हरवण्याचा धोका गाडीतळापेक्षा इथे कमी नसतो. दारावर खडूने ‘आत मांजर आहे’ असं लिहून ठेवलं तर पाहुणेही जपून वागतात.

परत आल्यावर घरी दुसरं मांजर असेल तर ते या प्रवाशावर फिस्कारतं. त्याच्या अंगाला परका वास लागलेला असतो. दोघांना दिवसभर वेगळं ठेवा, एकाची चादर दुसऱ्याला द्या. पेटी मात्र धुऊन पुन्हा त्याच कोपऱ्यात उघडी ठेवा, माळ्यावर टाकू नका.