अभ्यंग

"आजोबा, तुम्हांला बॅटला तेल लावता येतं?" असे माझ्या नातीने परवा मला विचारले. प्रश्न साधाच. पण रस्त्याने निमूटपणे चाललेल्या माणसाला मागून पोलिसाने हटकावे तसे मला झाले. मी चष्मा काढून पुसला, वर्तमानपत्राची घडी घातली आणि "येतं की!" म्हणालो. खरे सांगायचे तर बॅटला तेल कसे लावू नये एवढेच मला या जन्मात पक्के कळलेले आहे. पण नातवंडांपुढे इतका बारकावा कोण सांगत बसतो!

2025 च्या नोव्हेंबरात नव्या मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या रात्रीपासून या पोरीने खऱ्या बॅटचा धोशा लावला होता. शेवटी बापाने आणली. काश्मिरी विलोची, पांढरीशुभ्र, नव्या पाटासारखी गुळगुळीत. हल्लीच्या पुष्कळशा बॅटींच्या तोंडावर पारदर्शक पातळ पापुद्रा चिकटवून देतात, म्हणजे तोंडाला तेल लावायची पंचाईत राहत नाही. ही उघडी होती. मला उगीचच बरे वाटले.

तेल आणायला मीच निघालो. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जवसाचे तेल मागितले तर मुलाने डबा पुढे केला. डब्यावर 'बॉइल्ड' होते. ते रंगाऱ्यांचे. त्यात लवकर वाळण्यासाठी औषध मिसळलेले असते, आणि लाकडात उतरायच्या आतच त्याची वर साय धरते. बॅटला कच्चे तेल लागते, सावकाश मुरणारे. मी हे त्या मुलाला समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि डबा परत फळीवर ठेवला. पुण्यात माझा निम्मा दिवस त्या शंभर ग्रॅम तेलासाठी गेला. आणि चालता चालता मला सारखे हसू येत होते, कारण माझ्या लहानपणी हेच तेल आमच्या स्वयंपाकघरात बरणीभर असे.

आमचे गाव नागपूरपासून बसने दीड तासावर. त्या भागात रब्बीला जवस पेरतात. थंडीत त्याला निळी फुले येतात, आणि सकाळच्या वेळी ते शेत असे दिसते, की वाटावे, आभाळाचा एक तुकडा कुणी धुऊन वाळत घातला आहे. बाकीच्या महाराष्ट्राला जवस म्हणजे फार तर चटणी. आमच्याकडे भाजीला फोडणीही त्याचीच. बाहेरचा पाहुणा पहिल्या घासाला नाक मुरडतो. आम्हांला मात्र तो वास म्हणजे घर.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, 1963 साली नागपुरात सीताबर्डीवरून बॅट विकत आणली. तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. बाबा शाळामास्तर. त्यांच्या पगाराचा सहावा हिस्सा त्या बॅटीत गेला होता, असे आई पुढे कित्येक वर्षे सांगत असे, कधी रागाने, कधी अभिमानाने. दादाला कॉलेजच्या संघात जायचे होते. तिथून विद्यापीठाच्या संघात, म्हणजे रोहिंटन बारिया करंडकाच्या सामन्यांत, आणि तिथून रणजी करंडकात विदर्भाकडून. विदर्भाचा संघ रणजीत उतरून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. तो कुणालाही हरवत नसे. त्यामुळे आपल्याला तिथे जागा मिळेल असे आमच्या तालुक्यातल्या चांगल्या चांगल्या पोरांना वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत तो बॅट घेऊन घरी आला. आल्या आल्या त्याने पहिले काम काय केले असेल, तर ती वाण्याच्या तराजूत घालून पाहिली. किलोची वजने नुकतीच आली होती. एक किलो शंभर ग्रॅम भरली. ते त्याने वहीत लिहून ठेवले. मग मला बाटली देऊन घाण्यावर पिटाळले.

"कायले पाह्यजे रे बाबू? भाजीले?" घाणेवाल्या काकांनी विचारले.

"नाही. बॅटले."

"बॅट भाजी खाते का बाप्पा?" असे म्हणून ते बैलाकडे पाहून हसले. पण बाटली काठोकाठ भरून दिली.

भाऊबिजेनंतर दादाला बाबांबरोबर शेताच्या वाटणीच्या कामाला चार दिवस आजोळी जावे लागले. जाताना त्याने बॅट माझ्या ताब्यात दिली. मी दहा वर्षांचा. त्याच्या ड्रिल मास्तरांनी त्याला शिकवलेला मंत्र त्याने मला तीनदा म्हणायला लावला. रोज एक चहाचा चमचा तेल, जास्त नाही. बोटांनी तोंडाला आणि कडांना पसरायचे. मुठीची पाचर पात्यात जिथे बसवलेली असते तिथे लावायचे नाही, तिथला सरस सुटतो. पाठीवरच्या चिठ्ठीला लावायचे नाही. तळाला नुसते बोट फिरवायचे. मग बॅट तोंड वर करून आडवी ठेवायची, दुसऱ्या दिवशी उरलेले तेल पुसून काढायचे. तीन दिवस, तीन चमचे.

"मास्तर म्हणतात, बॅटला तेल पाजायचं नाही, दाखवायचं," दादा म्हणाला.

आता माझी बाजू ऐका. मी नुकताच नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसलो होतो. आईने वाटीभर तेल माझ्या टाळूवर थापून, पाठीत रगडून, कानांतसुद्धा सोडले होते आणि "जिरू दे, जिरू दे, तेवढंच अंगी लागतं," असे म्हणत होती. शेजारच्या तान्ह्या बाळाची टाळू रोज तेलाने भरत होते आणि ते बाळ फुगत चालले होते. माणसाचे अंग ज्याने बळकट होते त्याने लाकडाचे होणार नाही, असे समजायला मला काही कारणच दिसेना. एक चमचा! माझ्या दादाच्या बॅटला, जी पुढे रणजीत खेळणार, तिला एक चमचा!

मी तिला अभ्यंग घातले. तळहाताने चोळचोळून घातले. आणि रात्री एका बिस्किटाच्या डब्यात बोटभर तेल ओतून त्यात बॅट उभी करून ठेवली. सकाळी पाहतो तर डब्यातले तेल खाली गेलेले. ती पीत होती! मला कोण आनंद झाला! मी आणखी ओतले. दोन रात्री ती त्या डब्यात उभी होती.

हे असे का झाले ते मला फार पुढे कळले. पात्यात लाकडाच्या नळ्या उभ्या असतात. कारखान्यात तोंड रुळांखाली दाबून कठीण केलेले असते, त्यामुळे तिथून तेल हळूहळू आत जाते. पण तळाला त्या साऱ्या नळ्यांची तोंडे उघडी पडलेली असतात. बॅट ओल पिते तीही तिथूनच, म्हणून ओल्या मैदानावर तळ सुजतो. तिथे बॅट उभी करणे म्हणजे मूठभर वाती तेलात सोडणे. आणि जवसाचे तेल खोबरेलासारखे नुसते बसून राहत नाही. ते हवा घेते, घट्ट होते, आतल्या आत डिंकासारखे धरते. एकदा गेले की परत येत नाही. लाकडाचा जो हलकेपणा, जी उसळी, तीच त्याने भरून जाते. खेळणारे म्हणतात, बॅट मेली.

दादा परत आला. त्याने बॅट उचलली. मनगट एकदा वर, एकदा खाली. मग तळ नाकाशी नेला.

"किती पाजलं बे?"

"तू सांगितलं तेवढंच," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. चपला घालून वाण्याकडे गेला. मी लांबून त्याच्या मागे. तराजूची दांडी स्थिरावेपर्यंत तो तिच्याकडे पाहत उभा होता. एक किलो एकशे सत्तर. त्या दिवशी त्याने वहीत काही लिहिले नाही. परत येताना तो मला म्हणाला, "लाकूडच जरा ओलं होतं वाटते." आणि घरी आईला, मग मित्रांना, सर्वांना त्याने तेच सांगितले, की दुकानदाराने फसवले. त्या बिचाऱ्या दुकानदाराची आमच्या गल्लीत पुढे दहा वर्षे बदनामी चालली होती.

निवडीचा सामना पंधरा दिवसांनी होता. त्याच्या एका मित्राने नंतर सांगितले, की दादा सुरेख उभा राहिला होता, पण चेंडूला आवाजच नव्हता. टणक 'टक्' यावे तिथे गादी झोडपल्यासारखे 'थप्प' येई. अकरा धावांवर त्याने एक चेंडू मिडऑफच्या डोक्यावरून मारला. तो डोक्यावरून गेला नाही. घरी पोस्टकार्ड आले : 'निवड झाली नाही. अभ्यासाला वेळ मिळेल.' बाबांना ते वाचून बरे वाटलेले मी पाहिले.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला साठ वर्षे लागली. दादा पुढे नोकरीला लागला, कचेरीच्या संघातून खेळू लागला, दुसऱ्यांच्या बॅटी घेऊन. रविवारी तो सामन्याहून परत आला की मी किती धावा काढल्या ते विचारी. आणि तो "आठ", "चौदा" असे काही म्हणाला, की माझ्या आत कुठेतरी सुटल्यासारखे होई. म्हणजे तो तेवढ्याच वकुबाचा होता. बॅट चांगली असती तरी काही झाले नसते. आणि ज्या रविवारी तो सत्तर-ऐंशी काढून, तांबडाबुंद होऊन, हसत घरी येई, त्या रात्री मला झोप लागत नसे. ज्या भावावर माझा एवढा जीव, त्याने लवकर बाद व्हावे असे मला वर्षानुवर्षे वाटत आले. माझ्या खोटेपणाचे व्याज मी त्याच्याकडून वसूल करीत होतो.

1969 च्या ऑक्टोबरात नागपुरात पहिला कसोटी सामना झाला, न्यूझीलंडविरुद्ध. आम्ही दोघे एका पिशवीत दशम्या घेऊन गेलो होतो. भारत 167 धावांनी हरला. आपला खेळ कोसळत असताना दादा दर चेंडूला स्वतःचे मनगट हलवीत होता, त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा सांगावे असे फार वाटले. पण शेजारी एक गृहस्थ सारखे शेंगा सोलून देत होते आणि त्यांच्यादेखत ते शक्य नव्हते. अशा गोष्टींना नेहमी एखादा शेंगावाला गृहस्थ आडवा येतो.

1998 मध्ये गावचे घर विकले. सामान काढताना माळ्यावर ती बॅट सापडली. मी पुण्याला नेतो म्हणालो. बाहेर टेंपो उभा होता, हमालांची घाई चालली होती. मी ती तळाकडून उचलली. दादा कट्ट्यावर बसला होता. तेव्हा त्याचे गुडघे गेलेले.

"नीट धर बे," तो म्हणाला. "त्यात सत्तर ग्रॅम तुझे आहेत."

मी त्याच्याकडे पाहिले. तो टेंपोवाल्याला दोर कुठून घे ते सांगत होता. मी "हो" म्हणालो. पस्तीस वर्षे राखून ठेवलेल्या बोलण्यातले तेवढेच एक अक्षर निघाले. 2013 साली दादा गेला. 2018 च्या पहिल्या दिवशी विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला, ते पाहायला तो नव्हता. मी मात्र त्या दिवशी ती बॅट कपाटातून काढून थोडा वेळ मांडीवर घेऊन बसलो होतो. सुनेने विचारले, "बाबा, काय शोधताय?" मी म्हणालो, "काही नाही."

असो. नातीच्या बॅटचे सांगत होतो. गच्चीत वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघे बसलो. आधी बारीक पॉलिश पेपर, तोही नुसता फिरवल्यासारखा. मग चहाचा चमचा. मी तेल पात्याच्या मध्यावर ओतले आणि तिची बोटे धरून पसरवले.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"अजून थोडं घालू ना. लवकर स्ट्राँग होईल."

मी चमचा खिशात घातला. तीन दिवस हेच चालले. मग ठोकायचे काम. जुना चेंडू मोज्यात घालून हळूहळू, कडांना तिरका, तळाला मुळीच नाही. दररोज थोडे, पुष्कळ दिवस. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी वर येऊन विचारले, की तुमच्याकडे कुणी कांडप सुरू केले आहे का? आता आम्ही सकाळी दहानंतर ठोकतो.

काल तिने माळ्यावरची जुनी बॅट पाहायला मागितली. मी काढून दिली. तिने दोन्ही हातांनी ती उचलली, मनगट एकदा वर, एकदा खाली, आणि तळाचा काळपट तपकिरी डाग बोटाने खरवडून पाहिला.

"आजोबा, ही एवढी जड का आहे?"

उन्हे उतरली होती. मी तेलाचे फडके बादलीत बुडवून ठेवले. जवसाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आपल्या आपण तापून पेटते, हेही तिला सांगायचे होते. मग हात पुसले आणि म्हणालो, "बस इथे. सांगतो."