मुक्कामावाचून प्रेम

प्रेमाच्या वाटेत अडथळे असावयाचेच. पूर्वी ते पत्रिका, हुंडा आणि मुलीचे वडील यांच्या रूपाने येत. हल्ली संगणकावरच्या खेळांतही प्रेम जमवता येते. तेथे पत्रिका नाही, वडीलही नाहीत. तरी पुष्कळदा सगळे जुळूनसुद्धा प्रणयाचा प्रसंग म्हणून घडतच नाही! अशी अडलेली प्रेमे मोकळी करणे हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग होऊन बसला आहे.

त्याचे असे झाले. आमची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली. पहिले दोन महिने फोनवर 'जेवलीस का?' आणि 'हो, जेवले' यापलीकडे आमची मजल जाईना. मग एका रात्री तिनेच विचारले, "बाबा, शॅडोहार्टची माझ्यावर इतकी मर्जी आहे, तरी पुढे काहीच होत नाही. काय बिघडलं असेल?"

माझी उभी हयात दूरध्वनी खात्यात बिघाड शोधण्यात गेली. तार तुटली आहे, की पलीकडचा माणूसच बोलत नाही, हे आधी ठरवावे, हा आमचा पहिला धडा. तिने तोच खेळ आमच्या संगणकावर ठेवला होता. मी आणि सौ. तो खेळू लागलो.

खेळाचे नाव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीने तो 2023 साली पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. त्यात आपल्याबरोबर काही सोबती हिंडतात. आपल्या वागण्यावर त्यांची मर्जी वाढते किंवा घटते. पण एकाच्या मर्जीचे दुसऱ्याला चालेल असे नाही. गरिबाला मदत करा, कार्लाख खूश होते आणि अ‍ॅस्टेरियन नाक मुरडतो. खेळ नवा असताना गेल नावाचा जादूगार जरा लवकरच प्रेमात पडत असे. मर्जीची अट चुकून सैल राहिली होती, हे कंपनीचे प्रमुख स्वेन विंके यांनीच पुढे सांगितले. उलट, कार्लाखला स्पर्श करता येत नाही तो मात्र बिघाड नव्हे. तिच्या छातीत हृदयाच्या जागी धगधगते यंत्र आहे. डॅमन लोहाराकडून ते दोनदा दुरुस्त करून घ्यावे, तेव्हा कुठे तिचा हात हाती धरता येतो!

एवढे समजल्यावर मी मुलीची उलटतपासणी घेतली. मर्जी? भरपूर. गॉब्लिनांचे तिन्ही म्होरके? मारले. निर्वासितांच्या पुढाऱ्याला भेटलीस? भेटले.

"त्यानंतर मुक्काम किती केलेस?"

"एकही नाही. वेळ कशाला घालवायचा? शिवाय चाळीस शिधा खर्च होतो. पुढे लागला तर?"

बिघाड सापडला! या खेळातल्या मनातल्या गोष्टी चालता चालता बोलल्या जात नाहीत. त्या रात्रीच्या तळावर, शेकोटीपाशी निघतात. बहुधा एका रात्री एकच प्रसंग घडतो. बाकीचे रांगेत थांबतात. विजयाचा जो मेळावा व्हावयाचा, तोही मुक्काम केल्यावाचून होत नाही. आणि शॅडोहार्टची पहिली भेट तर त्याच रात्रीची. शिधा अपुरा असला तरी अर्धपोटी निजता येते. तळावर कुणाच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसले, की त्याला काही सांगावयाचे आहे असे समजावे.

"म्हणजे नुसतं झोपायचं?" ती हसली.

सौ. शेजारीच बसली होती. तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, आणि तू केव्हा निजतेस?"

पलीकडे बराच वेळ शांतता. तार तुटलेली नव्हती, हे मला अनुभवाने कळत होते. मग ती बोलू लागली. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत चालणारे काम, मेजावरच उरकलेले जेवण, एकट्या खोलीचा कंटाळा, आणि 'तुम्हाला काळजी नको' म्हणून दोन महिने रांगेत ठेवलेल्या कितीतरी गोष्टी. त्या रात्री तिने त्यांतली एकच सांगितली. ती सांगून संपायलाच तास लागला.

आता ती रोज रात्री साडेनऊला फोन करते. शॅडोहार्टचे तिचे जमले. नोकरी सोडावी की टिकवावी, हा प्रसंग अजून रांगेत आहे. त्याची आम्ही घाई करत नाही. आणि गंमत म्हणजे, तिचा फोन ठेवल्यावर आम्ही दोघेही हल्ली लगेच दिवा मालवत नाही. तीस वर्षांच्या संसारात आमचीही रांग काही लहान नव्हती.