कीकोम, कीकाट

मझौली हा जबलपूर जिल्ह्यातला तालुका. गावात विष्णुवराहाचे कलचुरिकालीन मंदिर आहे. कलचुरींनंतर हा मुलूख गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा झाला. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी तो घेतला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 नंतर इंग्रजांकडे. राज्ये आली-गेली, गोंड इथेच राहिले. त्यांची भाषा मात्र राहिली नाही. जिल्ह्यातले बहुतेक गोंड आज हिंदी-बुंदेली बोलतात. इथून गोंडीतले काय काय गेले आणि जिथे ती अजून बोलली जाते तिथेही काय जायच्या बेतात आहे, त्याची ही यादी. उच्चार जिल्ह्यागणिक थोडे बदलतात.

आकडे. उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग, सारुंग, येरुंग. हे एक ते सात. पुढचे आकडे बऱ्याच भागांत शेजारच्या भाषेतूनच घेतलेले असतात. बाजार आणि शाळा या दोन्ही ठिकाणी मोजणी परक्या भाषेत चालते, म्हणून आकडे लवकर जातात.

सगा. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून ठरतात आणि सोयरीक त्यावरून जुळते. नालवेन, सैवेन, सारवेन, येर्वेन. म्हणजे चार, पाच, सहा आणि सात देवांचे. बाजारात न उरलेले आकडे या नावांत टिकून आहेत. जिथे ‘सात देववाले’ एवढेच सांगितले जाते, तिथे तेही गेले.

घरातले शब्द. येर म्हणजे पाणी. किस म्हणजे विस्तव. रोन घर, नार गाव, मरा झाड. पाल दूध, कय हात, कन डोळा. शेवटचे तीन शब्द तमिळ माणसालाही ओळखू येतील, कारण गोंडी द्रविड कुळातली आहे.

इरुक. मोह. झाड तेच आहे, फुले वेचणारे हातही तेच आहेत. विकत घेणारा ‘महुआ’ म्हणतो, म्हणून वेचणाराही तसेच म्हणू लागतो.

पेन. देव. परसापेन हा थोरला देव. जबलपूर-मंडल्याकडे तो ‘बडादेव’ झाला. श्रद्धा कायम राहिली, नाव हिंदी झाले.

नामांची अनेकवचने. रोन, रोहक: घर, घरे. नार, नाहक: गाव, गावे. कोंदा, कोंदांग: बैल, अनेक बैल. कुठे ‘क’ लागतो आणि कुठे ‘ंग’, हे मुलाला कोणी शिकवत नाही. ते ऐकून येते. ऐकायला मिळाले नाही, तर येत नाही.

वातोर, वातोर्क, वाता, वातांग. तो आला: वातोर. पुरुष आले: वातोर्क. ती आली, बैल आला, पाऊस आला, या सगळ्यांना एकच रूप: वाता. त्या आल्या, बैल आले: वातांग. मराठीत आले, आल्या, आली अशी तीन अनेकवचने आहेत. गोंडीत दोन: एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे जग. मी आलो किंवा आले याला मात्र एकच रूप, वातोन. आम्ही आलो, वातोम.

कीकोम, कीकाट. यादीतली सर्वांत मोलाची जोडी. कीकोम म्हणजे आम्ही करू, तू त्यात नाहीस. कीकाट म्हणजे आपण करू, तूही आलास. मराठीत हा भेद आम्ही-आपण या सर्वनामांत आहे, क्रियापद दोन्हीकडे ‘करू’च राहते. गोंडीत तो क्रियापदाच्या शेवटात आहे. जबलपूरकडच्या हिंदीत ‘अपन’ आहे, म्हणून अर्थ काहीसा वाचला. रूप वाचले नाही.

राजाची कविता. गढा-मंडल्याच्या घराण्यातले शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्याविरुद्ध उठावाचा पुरावा म्हणून त्यांची जी कविता धरली, ती गोंडीत नव्हती, हिंदीत होती.

तायाप. रूपे कशी जातात याचे हे दूरचे उदाहरण. पापुआ न्यू गिनीत 800हून अधिक भाषा आहेत. तिथल्या गापुन गावची तायाप ही त्यांतली एक. डॉन कुलिक हे मानवशास्त्रज्ञ 1980 च्या दशकापासून तिचा अभ्यास करत आले. मुले टोक पिसिन ही देशाची संपर्कभाषा बोलू लागली आणि तायापची गुंतागुंतीची क्रियापदे नव्या पिढीच्या तोंडी सोपी होत गेली. शब्द बरेच दिवस आठवतात, रूपे आधी ढासळतात.

कागदावर उरलेले. शिवनीच्या गोंडीचा शब्दसंग्रह आणि व्याकरण, 1847. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेले गोंडांच्या पुराणपुरुषाचे, लिंगोचे गीत, 1866 मध्ये छापलेले. विल्यमसन यांचे व्याकरण, 1890. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड, 1906.

आजची शिल्लक. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे 29.8 लाख. गोंडांची संख्या एक कोटीहून जास्त. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत गोंडी नाही. नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी आयुष्यभर गोंडीवर लिहिले. 2018 मध्ये अनेक राज्यांतल्या गोंडी भाषकांनी मिळून केलेला सुमारे 3000 शब्दांचा मानक कोश निघाला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली.

कोश हवाच. इरुक, येर, पेन त्यात सुखरूप राहतील. पण कीकाट म्हणायला समोर माणूस लागतो, ‘तूही ये’ असे ज्याला म्हणता येईल असा. म्हणून गडचिरोली, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या भागांत ज्यांच्या घरी गोंडी बोलणारी आजी आहे, त्यांना विनंती: तिच्याकडून नुसते शब्द लिहून घेऊ नका. तिला दुसऱ्या कोणाशी बोलू द्या, पेरणीचे, लग्नाचे, भांडणाचे, आणि ते सगळे बोलणे ध्वनिमुद्रित करा. मग मुलांना तिच्याजवळ बसवा.