तळपायावरचा डाग

बँकेच्या नोकरीत सरासरीकडे संशयाने पाहण्याची सवय लागते. शाखेची थकबाकी टक्केवारीत नगण्य दिसते. पण ती कोणत्या खात्यांत अडकली आहे, हे पाहिल्याखेरीज शाखेची प्रकृती कळत नाही. निवृत्तीनंतर याच सवयीने मला एका निराळ्या खतावणीकडे नेले. ती म्हणजे कर्करोगाच्या नोंदींची.

कारण घरचेच होते. सांगलीच्या गणपती पेठेत माझ्या मामांचे दुकान होते. त्यांच्या उजव्या टाचेजवळ एक काळसर डाग उमटला. कुरूप असेल म्हणून त्यांनी औषधाच्या पट्ट्या लावल्या. पुढे चपलेला दोष दिला. डाग दुखत नव्हता, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी व्यापारी माणूस दुकान बंद ठेवत नाही. दीड वर्षाने जांघेत गाठ आली, तेव्हा तपासणीच्या अहवालात मेलानोमा हा शब्द आम्ही प्रथम वाचला. त्यानंतर मामा अकरा महिने आमच्यात होते.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. दुर्मीळ, पण अत्यंत आक्रमक. ऑस्ट्रेलियात दरवर्षी लाखात तीसहून अधिक लोकांना तो होतो. भारतात लाखात एकालाही नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 58 लाख. म्हणजे दोन्ही जिल्हे मिळून वर्षाला फार तर 58 रुग्ण, आणि प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी. पेठेतल्या डॉक्टरांच्या उभ्या हयातीत असा एखादाच रुग्ण समोर यावा, किंवा येऊही नये. तेव्हा त्यांना कुरूपच आठवले, यात नवल ते काय!

परंतु सरासरीच्या आत शिरले की चित्र पालटते. गोऱ्या लोकांत हा रोग बहुधा पाठ, पाय, चेहरा अशा उन्हाने भाजलेल्या त्वचेवर दिसतो. आपल्याकडे त्याची आवडती जागा तळपाय. शिवाय तळहात, नखांखालची त्वचा आणि तोंडाच्या आतील अस्तर. जपानमध्येही तळपायाचाच प्रकार मोठ्या प्रमाणात आढळतो. सावळा वर्ण उन्हापासून राखण करतो खरा, पण तळपायाच्या या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंधच नाही. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. 1981 मध्ये वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी ते गेले.

रोग अंगावर कोठे उमटतो, हे पाहण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. टाटा रुग्णालयाचे डॉ. वसंत खानोलकर यांनी 1945 मध्ये धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन केले. तो प्रकार वेगळा, पण दृष्टी तीच. मुंबईत 1963 पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण भागातील देशातली पहिली अशी नोंदवही 1987 मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शीचे कार्यकर्ते नोंदींसाठी गावोगाव फिरत आणि फिरता फिरता लक्षणेही समजावून सांगत. तेवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. हिशेब लिहिणाऱ्यांनी दोन शब्द बोलण्याचा हा परिणाम वाचून मला माझ्या जुन्या पेशाविषयी आदरच वाटला.

मेलानोमात वेळेचे मोल मिलिमीटरने मोजतात. डागाची खोली एक मिलिमीटरच्या आत असताना तो काढून टाकला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. खोली वाढली की रोग जांघेतील गाठींत, तेथून फुप्फुसांत आणि यकृतात जातो. प्रतिकारशक्तीला जागे करणारी नवी औषधे आली आहेत. त्यामागील संशोधनाला 2018 चे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ती अतिशय महाग आहेत, आणि तळपायाच्या प्रकारावर त्यांचा प्रभाव इतरांच्या मानाने कमी पडतो.

डाग एका बाजूने वेडावाकडा वाढणे, कडा फाटक्या दिसणे, एकाच डागात दोन-तीन छटा असणे, नखात काळी रेघ येऊन ती रुंदावत जाणे, ही लक्षणे ध्यानात ठेवावीत. आपल्या घरांत मधुमेह पुष्कळ. न भरणारी पायाची जखम साखरेचीच असेल असे गृहीत धरले जाते आणि महिने निघून जातात. असा डाग काळाच असतो असेही नाही. आणखी एक समजूत फार हट्टी आहे : तुकडा काढून तपासला की रोग पसरतो. मामांच्या घरी ही चर्चा तीन आठवडे चालली. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. चर्चा चालते तेवढ्या दिवसांत मात्र तो वाढतो.

स्वतःचा तळपाय स्वतःला क्वचितच दिसतो. गादीवर मांडी घालून बसणाऱ्याला तर नाहीच, आणि गुडघे धरलेल्या वडीलधाऱ्यांना तो पाहणे जमतही नाही. तो नातवंडांनी पाहावा. आपले साधू-साध्वी अनवाणी विहार करतात. भेगा, काटे, फोड यांत एखादा डाग सहज लपून जातो, आणि ते स्वतःहून बोलणार नाहीत. वैयावच्च करताना साधूंचे पाय श्रावक चेपतात, साध्वींचे श्राविका. त्या वेळी दिवा जरा जवळ घ्यावा, आणि बोटांच्या बेचक्यांतही पाहावे.