कंटेनरांचा ताळेबंद

गुरुवार, ९ मे २०२४, पुणे

कॉलेजच्या मॅडमची मागणी एका दमात सांगून होते. विद्यार्थ्याने ब्राउझर उघडावा, एक बटण दाबावं आणि त्याला स्वतःचा लिनक्स मिळावा; पायथन, जीसीसी सगळं आत तयार. तास संपला की सगळं पुसलं जावं. लॅबमधल्या कुठल्या मशीनवर काय इन्स्टॉल आहे, ही कटकट कायमची मिटली पाहिजे.

टीममधल्या नव्या मुलाला आज बटणामागचा कारभार फळ्यावर काढून दाखवला. आमचं वेब ॲप्लिकेशन पायथनमध्ये, जँगोवर. कंटेनर चालवतं ते डॉकरचं इंजिन. दोघांच्या मध्ये ‘डॉकर’ याच नावाची पायथन लायब्ररी. त्याचा समज असा, की ही लायब्ररी आपण टर्मिनलवर टाइप करतो त्याच कमांड आतून चालवते. तसं काही नसतं. ती साध्या एचटीटीपी विनंत्या पाठवते. त्या सर्व्हरवरच्याच एका सॉकेट फाइलमधून इंजिनपर्यंत जातात. ‘तयार कर’ म्हटलं की २०१ असं उत्तर येतं आणि सोबत ६४ अक्षरी ओळख. मग ‘सुरू कर’ म्हटलं की २०४. तोच कंटेनर पुन्हा सुरू करायला सांगितला तर ३०४: आधीच चालू आहे, काही केलेलं नाही.

लायब्ररीत या दोन्ही पायऱ्या ‘रन’ नावाच्या एकाच फंक्शनमध्ये गुंडाळल्या आहेत. लिहायला सोयीचं आहे, पण बिघाड शोधताना त्या वेगळ्या धराव्याच लागतात. तयार झालेला आणि सुरू न झालेला कंटेनर सर्व्हरवर खुशाल पडून राहतो, आणि पानावर विद्यार्थ्याला नुसतं गोल फिरणारं चिन्ह दिसत राहतं.

शुक्रवार, १० मे

अक्षय्य तृतीया. डब्यात आमरस होता, त्यामुळे दुपारचं काम जड गेलं. मर्यादा ठरवायच्या होत्या.

कंटेनर म्हणजे छोटा संगणक, असं विद्यार्थ्यांना सांगायला बरं असतं. आम्हाला तसं मानून चालत नाही. आतली प्रक्रिया सर्व्हरच्याच कर्नलवर चालते. तिला काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतात आणि तिने किती खावं हे सीग्रुप. सीग्रुपचं काम गूगलमध्ये पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ या लिनक्स कर्नलमध्ये ते आलं. सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत डॉकर दाखवलं ते मार्च २०१३ मध्ये. कर्नलकडे बरंच काही आधीपासून होतं. डॉकरने ते वापरायला सोपं केलं.

आम्ही ठरवलेले आकडे असे: मेमरी २५६ एमबी, अर्धा सीपीयू, जास्तीत जास्त ६४ प्रक्रिया, नेटवर्क बंद. नेटवर्क बंद ठेवलं तरी टर्मिनल चालतं, कारण टाइप केलेली अक्षरं इंजिनमार्फत आत जातात. अर्धा सीपीयू लायब्ररीला सांगायचा तर ‘नॅनो सीपीयू’च्या हिशेबात ५० कोटी असा आकडा द्यावा लागतो. नव्या मुलाने तीनदा शून्यं मोजली आणि तरी मला विचारलं, “ताई, एकदा बघता का?” असली विचारणा मला आवडते.

मेमरीच्या मर्यादेला एक पुरवणी लागते. फक्त २५६ एमबी सांगितलं आणि सर्व्हरवर स्वॅप असेल, तर कंटेनर तेवढीच जागा स्वॅपमध्येही घेऊ शकतो. म्हणून मेमरी आणि स्वॅप मिळूनची मर्यादाही २५६ च लिहायची. मग मुलाने स्वतःलाच पुन्हा पुन्हा जन्म घालणारी ती कुप्रसिद्ध एका ओळीची स्क्रिप्ट आत चालवली. पडद्यावर ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ची रांग लागली, कंटेनर तिथेच अडकला आणि शेजारचा कंटेनर निवांत चालत राहिला. ६४ च्या आकड्याचं एवढंच काम.

सोमवार, १३ मे

पुण्यात आज मतदान. ऊन चढायच्या आत उरकून आले. ऑफिसला सुट्टी, पण सॉकेटचा प्रश्न डोक्यात होता.

ज्याच्या हातात इंजिनचं सॉकेट, त्याच्या हातात सर्व्हरचा रूट. यात अतिशयोक्ती नाही. एपीआयला ‘नवा कंटेनर बनव आणि सर्व्हरची मूळ डिरेक्टरी त्यात जोडून दे’ असं सांगता येतं, आणि नेहमीच्या मांडणीत इंजिन ते मुकाट ऐकतं. मग आतून पासवर्डच्या फाइलपर्यंत सगळं मोकळं. सॉकेट ‘फक्त वाचण्यासाठी’ जोडलं म्हणजे भागलं, असं पुष्कळांना वाटतं. ते बंधन फाइलवर लागतं, त्या फाइलमधून जाणाऱ्या विनंत्यांवर नाही. इंजिन नेटवर्कवर २३७५ या पोर्टवर उघडं ठेवणं तर त्याहून वाईट. तिथे ना ओळखपत्र, ना कूटलेखन. दुसऱ्या मशीनवरून बोलायचंच असेल तर २३७६, दोन्ही बाजूंची प्रमाणपत्रं तपासून.

म्हणून मांडणी अशी ठरवली: लोकांना दिसणाऱ्या वेब ॲप्लिकेशनला सॉकेट द्यायचंच नाही. ते रांगेत फक्त एक काम टाकेल, ‘अमुक विद्यार्थ्याला पायथनची खोली’. मागे बसलेला छोटा कामगार प्रोग्रॅम ते उचलेल आणि इंजिनशी तोच बोलेल. इमेजचं नाव ब्राउझरकडून कधीच घ्यायचं नाही. ठरलेल्या यादीतलंच चालवायचं. कोणती डिरेक्टरी जोडायची तेही कामगारच ठरवणार.

बुधवार, १५ मे

रांग आल्यामुळे आणखी एक अडचण सुटली. कंटेनर सुरू व्हायला एखादा सेकंद पुरतो, पण इमेज सर्व्हरवर नसेल तर ती उतरवायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ब्राउझरला लटकवून ठेवता येत नाही. शिवाय डॉकर हबवर नोव्हेंबर २०२० पासून उतरवण्याला मर्यादा आहे: लॉग-इन न करता सहा तासांत १००, मोफत खात्यावर २००. त्यामुळे इमेज आदल्या रात्रीच उतरवून ठेवायच्या.

खरा विचार करायला लावला तो टाइमआउटने. लायब्ररी उत्तराची वाट ६० सेकंद बघते आणि मग हात टेकते. त्यात ‘काम झालं नाही’ असं कुठेच म्हटलेलं नसतं. एवढंच कळतं की उत्तर आलं नाही. इंजिनने इकडे कंटेनर बनवूनही ठेवला असेल. अशा वेळी डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला तर एका विद्यार्थ्याचे दोन कंटेनर होतात. यावर उपाय म्हणून नाव आम्हीच द्यायचं, विद्यार्थी आणि तास मिळून बनलेलं. दुसऱ्यांदा तेच नाव मागितलं की इंजिन ४०९ सांगतं: हे नाव वापरात आहे. ४०९ आलं की घाबरायचं कारण नाही; आहे तो शोधायचा आणि तोच द्यायचा. एकच काम कितीही वेळा सांगितलं तरी एकदाच झालं पाहिजे, ही अट आता सगळ्या कामांना लावली आहे.

शनिवार, १८ मे

उन्हाळी वर्गाबरोबर पहिली चाचणी. साडेअकराला मॅडमनी विचारलं, “तुमच्या पानावर ४१ चालू दिसतायत. खरंच आहेत का?”

इंजिनला विचारलं. ३८.

दुकानदार रात्री वही मिटण्याआधी गल्ला मोजतो. वहीतला आकडा आणि गल्ल्यातले पैसे जुळले नाहीत तर खरं काय, असा प्रश्न त्याला पडत नाही. पैसे खरे, आणि चूक शोधायची ती वहीत. आमचा डेटाबेस ही वही. त्यात ‘चालू’ लिहिलेलं असतं, कारण केव्हातरी आम्ही सुरू करायला सांगितलं होतं आणि तेव्हा २०४ आलं होतं. नंतर काय झालं ते इंजिनलाच ठाऊक.

तिन्हींची तपासणी केली. दोघांनी टर्मिनलमध्ये ‘एक्झिट’ टाइप केलं होतं. शेल हीच मुख्य प्रक्रिया, ती संपली की कंटेनर संपला. कोड ०, सगळं रीतसर. तिसऱ्याने ‘प्रोग्रॅम चालवा’ हे बटण दाबलं होतं. त्याच्या लूपला शेवटच नव्हता आणि लूपमध्ये यादी वाढतच होती. कोड १३७. हा १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे कर्नलने किंवा कोणीतरी जबरदस्तीने मारलं. आम्ही स्वतः कंटेनर मारला तरी १३७ च येतो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. इंजिनच्या तपशिलात ‘ओओएम किल्ड’ अशी वेगळी खूण असते, ती बघायची. ती खरी होती.

आता विद्यार्थ्याला ‘एरर’ असं मोघम न दाखवता ‘तुमच्या प्रोग्रॅमने २५६ एमबी मेमरी ओलांडली’ असं दाखवतो. मॅडम म्हणाल्या, “हे वाक्य माझ्या दोन लेक्चरचं काम करेल.”

मंगळवार, २१ मे

बारावीचा निकाल, त्यामुळे ऑफिसात अर्धे लोक भाच्या-पुतण्यांचे गुण विचारण्यात गुंतलेले. नव्या मुलाने स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं नव्याने उभं केलं आणि पहिल्याच ओळीला ते आपटलं: ‘एचटीटीपी प्लस डॉकर’ हा पत्त्याचा प्रकार चालत नाही. सर्व्हरवर तोच कोड सुरळीत.

कारण कालच्या तारखेत होतं. डॉकरची पायथन लायब्ररी एचटीटीपीसाठी ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीवर उभी आहे, आणि सॉकेटमधून बोलता यावं म्हणून तिने पत्त्याचा स्वतःचा प्रकार त्यात बसवला आहे. रिक्वेस्ट्सची २.३२.० ही आवृत्ती काल आली. प्रमाणपत्र एकदा तपासू नका म्हटलं की पुढच्या विनंत्यांतही ते तपासलं जात नसे, ही त्रुटी तिने बुजवली. ते करताना जोडणी मिळवण्याची आतली वाट बदलली, आणि तो खास प्रकार त्या वाटेवर ओळखला जाईना. दुरुस्ती योग्यच होती. सर्व्हरवर आवृत्त्या फाइलमध्ये बांधून ठेवल्या आहेत म्हणून तिथे काही हललं नाही.

शुक्रवार, २४ मे

डॉकर लायब्ररीची ७.१.० आवृत्ती काल आली. तिच्यासह लॅपटॉपही सुरू झाला.

आज ताळा घेणारं काम लिहून संपवलं. इंजिन घटनांचा अखंड प्रवाह देतं: सुरू झाला, मेला, मेमरी संपली. तो ऐकत राहिलं की पान लगेच अद्ययावत होतं. पण जोडणी तुटते, कामगार पुन्हा सुरू होतो, आणि मधल्या घटना हुकतात. म्हणून प्रवाह वेगासाठी आणि दर तीस सेकंदांनी पूर्ण यादी खरेपणासाठी, असे दोन्ही ठेवले. वहीत आहे आणि इंजिनकडे नाही, तर वही दुरुस्त. इंजिनकडे आहे आणि वहीत नाही, तर तो बेवारस, काढून टाका.

या शेवटच्या नियमापाशी मात्र थांबावं लागलं. कोरड्या चाचणीत काढून टाकायच्या यादीत ‘रामानुजन’ असं आडनाव असलेला एक कंटेनर आला. आपण नाव दिलं नाही तर इंजिन एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं आडनाव जोडून नाव ठेवतं. भाभा आणि रामनही त्या यादीत आहेत. (‘बोअरिंग वॉझनियाक’ हे नाव मात्र कधी मिळत नाही, स्टीव्ह वॉझनियाक कंटाळवाणे नाहीत असं सांगून कोडमध्येच ते गाळलं आहे.) म्हणजे हा कंटेनर आमच्या ॲप्लिकेशनने बनवलेलाच नव्हता. कॉलेजच्या सिस्टिम ॲडमिननी बॅकअपसाठी हाताने सुरू केला होता. आता आमच्या प्रत्येक कंटेनरवर आमचं लेबल, आणि साफसफाई फक्त त्या लेबलापुरती.

सोमवार, २७ मे

तास संपला की ६० कंटेनर थांबवायचे. एकेक करून थांबवले तर दहा मिनिटं, म्हणजे पुढची बॅच दारात उभी. थांबवताना इंजिन आधी सौम्य सिग्नल देतं, १० सेकंद वाट बघतं आणि मग मारतं. इथे जवळपास प्रत्येकाला पूर्ण १० सेकंद लागत होते. टर्मिनलमधला बॅश शेल तो सौम्य सिग्नल मुद्दामच दुर्लक्षित करतो. ‘टर्मिनल तुटलं’ या सिग्नलला मात्र तो निमूट संपतो. कंटेनर बनवतानाच थांबवण्याचा सिग्नल तो ठरवून दिला. नुसत्या पायथनच्या खोल्यांत कारण वेगळं: पहिल्या क्रमांकाच्या प्रक्रियेने स्वतः सोय केली नसेल तर कर्नल तिच्यापर्यंत तो सिग्नल पोचूच देत नाही. तिथे लायब्ररीतला ‘इनिट’ हा पर्याय लावला, म्हणजे पहिल्या क्रमांकावर एक छोटा प्रोग्रॅम बसतो आणि सिग्नल पुढे देतो. आता बॅच काही सेकंदांत मोकळी होते.

गुरुवार, ३० मे

आढावा बैठक. आमच्या सरांचा अपेक्षित प्रश्न: “कुबरनेटिस का नाही घेतलं?” आज सर्व्हर एक आहे, म्हणून. गूगलने २०१४ मध्ये खुलं केलेलं ते साधन आतून हेच करतं: काय हवं ते लिहून घेतं, काय आहे ते बघतं आणि दोन्हींतला फरक मिटवत राहतं, अनेक मशीनांवर आणि आमच्यापेक्षा कितीतरी काटेकोरपणे. कॉलेजने तिसरा सर्व्हर घेतला की आमचा कामगार काढून तिकडे जायचं, असं नोंदवून ठेवलं.

मॅडमनी पान वर-खाली करून पाहिलं. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ‘चालू’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘१२ सेकंदांपूर्वी तपासलं’. त्यांनी विचारलं, “हे कशाला?”

“‘चालू’ ही बातमी किती जुनी आहे ते कळावं म्हणून.”

“मग हे लॅबच्या हजेरीपटालाही लावून द्या,” मॅडम म्हणाल्या. मागणी लिहून घेतली आहे. अंदाजपत्रक सोमवारी पाठवायचं.