बिडाचा तवा

आमच्या आईला भांड्यांची चकाकी फार प्रिय. पितळेला चिंच, तांब्याला लिंबू आणि मीठ. बिडाच्या तव्याजवळ मात्र ती आंबट येऊ द्यायची नाही. आंबटाने त्याचं काळं उतरतं, खालचं लोखंड उघडं पडतं.

घोडेगावच्या घरात तवे दोन. भाकरीचा पत्र्याचा, त्यावर सारखा पाण्याचा हात फिरणार, म्हणून तो कायम बिनतेलाचा, पांढुरका. बिडाचा जड तवा धिरड्या-थालीपिठांचा. दोघांची कामं कधी बदलायची नाहीत.

खरी काळजी पावसाळ्यात. भीमाशंकरकडून पाऊस लागला की घरात मिठालाही पाणी सुटायचं; रात्री ओला राहिलेला तवा सकाळी तांबूस. म्हणून धुतल्यावर आई तो पुसून परत चुलीवर चढवायची, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायची आणि दिसेल तेवढं तेल फडक्याने टिपून घ्यायची. सगळी मेख या टिपण्यात आहे. तेलाचा पातळ थर तापून कडक होतो, लोखंडाला धरून बसतो. जाड थर नुसता चिकट राहतो.

लग्न होऊन जुन्नरला आले, तिथे लोखंडी कढईचं राज्य. मासवडीचं बेसन तिच्यातच घोटायचं. (मासवडी जुन्नरची की आमच्या आंबेगाव तालुक्याची, यावर माहेर-सासरचं अजून एकमत नाही.) पिठल्याची खरवड उलथन्याने काढून आधी खायची, मग राख आणि नारळाची शेंडी. काढा मात्र दुसऱ्या भांड्यात. पश्चिमेच्या डोंगरातून येणारा हिरडा लोखंडात उकळला तर काळाकुट्ट होतो. जुनी शाई हिरडा आणि हिराकसाचीच तर असायची.

पुण्यात आता बिडाचे हेच तवे ‘प्री-सीझन्ड’ म्हणून खोक्यातून मिळतात. सोबत साबणाबद्दल धाक. मला तो अनाठायी वाटतो. भांड्यांच्या थोड्या साबणाने काही होत नाही. तवा बिघडतो तो तारेच्या घासणीने आणि रात्रभर सिंकमध्ये भिजल्याने. तापलेल्यावर गार पाणी ओतलंत तर तडकू शकतो; बिडात कर्ब दोन टक्क्यांहून जास्त, त्यामुळे ते ठिसूळ, आणि चीर सांधणं सोपं नाही.

गंजला म्हणून भंगारात मात्र घालू नका. गंज घासून काढा, तापवा, तेल लावून पुसा, असं तीन-चारदा. पहिली धिरडी चिकटतील, ती घरच्यांना वाढा. आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तव्याचं आधीच सांगून ठेवा.