पोल्का नेमका कुणाचा?
पोल्का हा नाच नावावरून पोलंडचा वाटतो; चेक भाषेत 'पोल्का' म्हणजे पोलिश स्त्री. काही अभ्यासक मात्र हा शब्द 'पूल्का', म्हणजे 'अर्धा', यावरून आल्याचं मानतात, कारण यात अर्धं पाऊल पडतं. नाच जन्मला बोहेमियात, आजच्या चेक देशात, १८३०च्या दशकात. पुढच्या दशकात पॅरिसला त्याचं वेड लागलं. जर्मन आणि चेक स्थलांतरितांबरोबर तो टेक्सासला गेला. तिथल्या मेक्सिकन वादकांनी अकॉर्डियनवरचा हा दोन मात्रांचा ठेका आपलासा केला.

म्हणजे नाव एकाचं, जन्म दुसऱ्याकडे, संसार तिसऱ्याकडे.

'मुसलमान असून इतकं छान मराठी?' असं लोक मला कौतुकानं विचारतात. माझं नाव अरबी आहे, खरं. पण मी भांडतो, हिशेब करतो, दुआ मागतो, ते मराठीतच.